जोड दिसू दे

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, मला गोधडी शिवायचं मशीन निवडून द्या." शिष्येचे वय पंचावन्नाच्या पुढे गेले होते आणि गुरू ऐंशीला टेकले होते; परंतु शिकण्या-शिकवण्याचे नाते एकदा जडले की त्याला वयाचा हिशेब लागत नाही. गुरू पेशाने शिंपी होते. चाळीस वर्षे त्यांनी गावातल्या लेकी-सुनांना शिवण शिकवले होते, आणि त्यांच्या शिकवण्याचे सार एकाच वाक्यात होते: जोड दिसता कामा नये. कापड कुठेही जोडा, कसेही जोडा, पण पाहणाऱ्याला ते अखंड वाटले पाहिजे. जोड दिसली की मास्तर मुकाट्याने कात्री पुढे करत. मग तुम्ही नव्या नवरी असा की सरपंचीणबाई, उसवल्यावाचून सुटका नसे. आज आलेली ही कुमुद त्यांची लाडकी शिष्या होती, कारण सर्वांत जास्त उसवले होते ते तिनेच.

तिची अडचण अशी होती. तिच्या आईने अखेरच्या दिवसांत जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवायला घेतली होती. गोधडी काठाकडून आत शिवत नेतात, तशी आई चारी बाजूंनी आत आत येत होती. मधला दीड हाताचा चौकोन तेवढा उरला आणि आई गेली. त्याला तीन वर्षे झाली. आता कुमुदची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती, आणि जन्माला येणारे पोर पणजीच्या गोधडीत निजावे अशी कुमुदची फार इच्छा होती. परंतु तिची बोटे संधिवाताने आखडलेली. चार थरांतून सुई ओढायची म्हणजे डोळ्यांत पाणी येई. तेव्हा मशीनवाचून गत्यंतर नव्हते.

मशीन तर कोणतेही चालले असते. पण कुमुदला कोणतेही नको होते. जिल्ह्याच्या गावी एका दुकानात तीन खेपा घालून तिने अकरा मशीन चालवून पाहिली होती आणि अकराही नाकारली होती. "पोरीसाठी स्थळ बघताना एवढी चिकित्सा केली नव्हतीस," असे तिचा नवरा म्हणाला, तर त्या दिवशी त्याला ताट स्वतःच वाढून घ्यावे लागले. तिला हवा होता तो आईचा टाका. आईचा धावदोरा सरळ जात असे. मात्र सात-आठ टाक्यांनंतर एक टाका जरा लांब पडे. शिवता शिवता आई मान वर करून दाराकडे पाही, त्या वेळचा तो टाका. असा टाका घालणारे मशीन कुमुद शोधत होती. आई कुठे थांबली आणि मशीन कुठे सुरू झाले, हे कोणाला कळू नये. स्वतःलासुद्धा कळू नये, एवढेच तिचे मागणे होते.

मास्तरांनी सगळे ऐकून घेतले आणि टोपी चढवली. आईची गोधडी बरोबर घेऊन दोघे त्या दुकानात गेले.

दुकानदार उत्साही होता. कुमुदला पाहताच तो म्हणाला, "या काकू! तुमच्यासाठी कालच एक पीस आलाय. कॉम्प्युटरवालं आहे. टाका तुम्ही सांगाल तसा, हातशिलाईसारखा. लांबी-रुंदी सगळी आपल्या हातात. आजोबा, तुम्ही पण बघा, बसा." त्याने बटणे दाबली, आईच्या गोधडीवरील टाके पट्टीने मोजले आणि लुगड्याच्या एका तुकड्यावर मशीन चालवले. सात टाके सारखे, आठवा लांब. पुन्हा सात, पुन्हा एक लांब. दोराही पांढराच, आईच्या दोऱ्यासारखा.

कुमुदने तो तुकडा गोधडीशेजारी धरला आणि तिला हुंदका आवरेना. "मास्तर, हेच! बघा ना, अगदी आईच बसलीय शिवायला."

मास्तरांनी डोळे मिटले आणि तुकड्यावरून बोट फिरवले. मग गोधडीवरून फिरवले. ते म्हणाले, "हुबेहूब आहे. हे घेऊ नकोस."

दुकानदाराचा चेहरा पडला. मास्तर उठले आणि कोपऱ्यात ठेवलेल्या एका साध्या मशीनपाशी जाऊन बसले. जाड कापड न अडता ओढते की नाही, एवढेच त्यांनी विचारले. ओढते, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी खोक्यातून हळदीसारख्या पिवळ्या दोऱ्याचे रीळ उचलले, सुईत ओवले, आणि कुमुद काही बोलण्यापूर्वीच आईची गोधडी मशीनखाली सरकवली. आईचा शेवटचा टाका जिथे थांबला होता, त्याच्या पुढून त्यांनी पिवळी रेघ घातली. बारीक, घट्ट, एकसारखी. कुठेही लांब टाका नाही. पांढऱ्याशेजारी ती इतकी उठून दिसत होती की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसली असती.

"काय केलंत हे!" कुमुद ओरडली. उभ्या जन्मात ती मास्तरांवर ओरडली नव्हती. "जोड दिसू नये म्हणून तुम्ही आम्हाला शंभरदा उसवायला लावलंत. आणि माझ्या आईच्या गोधडीवर असली ढळढळीत जोड? का, मास्तर?"

"घरी चल," मास्तर म्हणाले. "मशीन हेच घे. तुला उसवायचं असेल तर माझ्या घरी बसून उसव, मी कात्री देईन."

कुमुदने तेच मशीन आणि पिवळे रीळ घेतले. घरी पोचल्यावर मास्तरांनी ट्रंकेतून एक गोधडी काढली आणि तिच्यापुढे पसरली. कुमुदने इतके सुबक काम क्वचितच पाहिले होते. काठापासून मध्यापर्यंत एकच हात चाललेला.

मास्तर म्हणाले, "ही माझ्या बायकोनं शिवायला घेतली होती. अर्ध्यावर गेली. मला वाटलं, मी शिंपी आहे, माझ्या घरात अर्धवट काम राहायचं नाही. तिच्या हाताची ढब मी उचलली. महिनाभर चिंध्यांवर सराव केला आणि मग पुढे शिवत गेलो. पण जोड होती तिथं मला जरासा फरक दिसायचा. म्हणून तिच्या शेवटच्या दोन ओळी उसवल्या आणि पुन्हा घातल्या. मग त्यांच्या आधीची ओळ खटकायला लागली. तीही उसवली. असा मागे मागे काठापर्यंत गेलो, तिचं काही ठेवलं की नाही तेही ध्यानात राहिलं नाही. सवयच ना, पोरी. जोड दिसता कामा नये! शेवटी कुठेही दिसली नाही. लोकांनी वाहवा केली. मीही खूश होतो."

त्यांनी गोधडीचा काठ सरळ केला.

"वर्षभरानं एकदा तिची फार आठवण आली. वाटलं, तिच्या टाक्यांवरून जरा हात फिरवावा. गोधडी काढली आणि शोधत बसलो. तिचा कुठला, माझा कुठला, मला सांगता येईना. चौदा वर्षं झाली, अजून शोधतोय. लोकांच्या कापडाची जोड लपवावी, तो आपला धंदा आहे. पण गेलेलं माणूस आणि आपण, यातली जोड लपवू नये. ती लपवली की माणूस दुसऱ्यांदा जातं, आणि या वेळी आपल्या हातानं जातं. त्या मशीननं आठवा टाका लांब घातला खरा. पण तुझी आई लांब टाका घालायची तेव्हा तू आलीस का ते बघायची. मशीन कोणाची वाट बघत होतं?"

कुमुदने आपली गोधडी मांडीवर घेतली. पिवळ्या रेघेच्या टोकावर बोट ठेवले आणि ते हळूहळू मागे आणले. पिवळा दोरा संपला. मध्ये रिकामे कापड लागले, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे. आणि मग पांढरा टाका. तो लांब होता.

"इथं थांबली माझी आई," ती म्हणाली. तीन वर्षांत ती अनेकदा रडली होती, पण प्रत्येक वेळी कशासाठी रडतो आहोत हे शोधावे लागे. आज बोटाखाली ती जागा होती. ती मनसोक्त रडली. मास्तरांनी तिला रडू दिले.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती उठू लागली, तेव्हा मास्तर जरा संकोचून म्हणाले, "कुमुद, तुझी नजर चांगली आहे. माझ्या गोधडीत एकदा बघतेस का? एखादा जरी तिचा सापडला तरी..."

ती पुन्हा खाली बसली. गोधडी उजेडाकडे ओढून ती एकेक ओळ पाहत गेली. उलटी केली, सुलटी केली. एका काठाजवळ तिचे बोट थबकले. "हा," असे म्हणायला कितीसा वेळ लागणार होता? म्हाताऱ्या माणसाला तेवढेच बरे वाटले असते. तिने मान वर करून मास्तरांकडे पाहिले. ते तिच्या बोटाकडे पाहत होते. तिने बोट उचलून घेतले.

"नाही हो, मास्तर. नाही सापडत."

"नाहीच सापडायचा," मास्तर म्हणाले. "फार चांगलं शिवलं मी."

त्यांनी गोधडीची घडी घातली आणि ट्रंकेचे झाकण लावले. मग म्हणाले, "जा आता. पोरगी यायच्या आत मधला चौकोन पुरा कर. पिवळाच दोरा घाल."