निवृत्तीनं शाळा दाखवली

एका गावच्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव निवृत्ती. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, एवढीच त्याची खोड.

एका मंगळवारी तो पोरांची खिचडी ढवळत होता. मुख्याध्यापिका वाघमोडेबाई फोन ठेवून बाहेर आल्या.

“निवृत्ती, साहेब येणारेत. शाळा दुरुस्त करायची की पाडून नवी बांधायची, ते ठरवणार. नीट दाखव बाबा. तिसरीच्या पोरांवरची तुळई यंदा टिकायची नाही.”

“नीट दाखवतो, बाई.”

निवृत्तीनं भेगा लिंपल्या. भिंतींना चुना दिला. वाकलेल्या तुळईला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. साहेब आले, म्हणाले, “इतकी छान इमारत? हिला हात लावू नका.” आणि गेले.

बाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, दुखणं झाकायचं नसतं. साहेबांनी विचारलं की उघडं करून दाखवायचं.”

“आता तसंच करतो.”

दुसरे साहेब आले. फाटकाशी उतरून म्हणाले, “काय, कसं काय?” निवृत्तीनं पायजमा वर केला आणि सुजलेला गुडघा दाखवला. साहेबांचाही गुडघा दुखत होता. कुठलं तेल चांगलं, यावर दोघांचं बोलणं झालं. चहा तिथंच आला. साहेब तिथूनच परत गेले.

“गुडघा तुझा रे,” बाई म्हणाल्या. “मोडकं दाखवायचं ते शाळेचं. हे साहेब तर फाटकाच्या आतच आले नाहीत. आता मोडकं असेल ते फाटकाशी आणून मांड, म्हणजे दिसेल तरी.”

बाईंच्या मनात चार फुटकी कौलं होती.

दिवाळीच्या सुट्टीत बाई माहेरी गेल्या. निवृत्ती कामाला लागला. कौलं फुटकी, ती उतरवली. वासे किडलेले, ते काढले. तुळई वाकलेली, तीही काढली. मातीच्या भिंती तर सगळ्याच चिरलेल्या. अख्ख्या शाळेत घंटेखेरीज धड काही निघालं नाही. घंटा त्यानं चिंचेला टांगली.

सुट्टी संपली. तिसरे साहेब आणि बाई एकदमच फाटकाशी पोचले. ढीग ओळीनं मांडलेले. शेजारी निवृत्ती, हात बांधून.

“इमारत कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“ही काय, साहेब. सगळी आणलीय. आत काही ठेवलं नाही.”

साहेबांनी ढिगांभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, “दुरुस्त करायची तर आधी इमारत हवी. पाडायची तरी आधी इमारत हवी. मी ठरवू कशाचं?”

या वेळी बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यामुळे पुढं काय करायचं ते निवृत्तीला कळेना. वेळ झाली होती म्हणून त्यानं घंटा दिली.

तिसरीची पोरं आता चिंचेखाली बसतात. डोक्यावर तुळई नाही. शाळा दुरुस्त करायची की नवी बांधायची, ते अजून ठरलेलं नाही.