नथूचं घरून काम

एका गावात एक भोळा कारकून होता. नाव नथू. पंपाच्या कंपनीत तो तक्रारी लिहून घ्यायचा. तीन वर्षं झाली तरी नोकरी कायम होत नव्हती. शेवटी बायको सुगंधा म्हणाली, "या महिन्यात कायम झालात तर पेढे वाटू. नाहीतर मी चालले माहेरी."

त्याच सुमारास कंपनीची इमारत दुरुस्तीला निघाली. साबळे साहेब म्हणाले, "महिनाभर सगळ्यांनी घरूनच काम करायचं." नथू खूश. एसटीचे धक्के वाचले, दुपारी तव्यावरची भाकरी मिळू लागली. घरून म्हणजे घरूनच, म्हणून तो गोठ्याकडेही फिरकेना. शेणघाण सुगंधाच्या गळ्यात पडली.

मोबाइलवरच्या पहिल्याच व्हिडिओ मीटिंगला म्हैस रेकली. साहेब ओरडले, "नथू, मीटिंगमध्ये आवाज बंद ठेव!"

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "किती तक्रारी आल्या?" नथू गप्प. "अरे, किती?" नथूने ओठ आणखी घट्ट मिटले.

"आवाज अडकलाय तुझा. असं झालं की बाहेर पडायचं आणि परत आत यायचं."

नथू उठला, अंगणात गेला, परत आत आला आणि घडाघडा बोलू लागला. साहेबही काही बृहस्पती नव्हते. त्यांना वाटलं, उपाय लागू पडला.

तिसऱ्या दिवशी नथूच्या मागे दोरीवर घरादाराचं धुणं वाळत होतं. साहेब म्हणाले, "शी! मागचं झाकून ठेवत जा."

"बरं साहेब."

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मागचं काम कुठवर आलं?"

"झाकून ठेवलंय साहेब. वर गोधडी टाकलीय. कुणाच्या बापाला दिसायचं नाही."

पाचव्या दिवशी शेजारच्या चंद्राकाकू घरात आल्या, नथूशेजारी बसल्या आणि साहेबांना गुडघेदुखी सांगू लागल्या. साहेब कडाडले, "मीटिंगमध्ये कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवतो! मी घेतल्याशिवाय कुणीही आत येता कामा नये."

"बरं साहेब."

पण गिऱ्हाइकं नथूवर फार खूश होती. त्यांची तक्रार ऐकताना तो फोन कधीच मध्येच खाली ठेवत नसे, कारण खाली ठेव असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा महिनाअखेरीला साहेब स्वतः त्याच्या घरी आले. खिशात कायम केल्याचं पत्र होतं. सुगंधाने हरखून चिवडा पुढे केला. साहेबांनी बकाणा भरला, पत्र काढलं आणि म्हणाले, "नथू, आजपासून तू का... का..."

शेंगदाणा घशात अडकला होता.

"आवाज अडकला!" म्हणत नथूने साहेबांना दंडाला धरून अंगणात नेऊन सोडलं. स्वतः आत आला आणि कडी लावून दाराला पाठ टेकली.

बाहेर खोकून खोकून शेंगदाणा निघाला. साहेबांनी दार बडवलं. "गाढवा, आत घे मला!"

"घेतलं असतं साहेब. पण आत घेणारे तुम्ही, आणि तुम्हीच बाहेर!"

"अहो, कडी काढा!" सुगंधा रडकुंडीला आली. नथू हलेना.

बाहेर टराटरा कागद फाटल्याचा आवाज आला. साहेब गरजले, "आता तू कायमचा घरी बस!"

नथूने आनंदाने उडी मारली. "ऐकलंस? कायम झालो! आणि तेही घरूनच!"

सुगंधा आत गेली आणि मोठी पिशवी भरू लागली.

नथू म्हणाला, "अगं, पेढ्यांना एवढी मोठी पिशवी कशाला?"