आभारांसाठी जागा

विद्यापीठाच्या लघुपट महोत्सवासाठी एकदा एका शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लघुपट तयार केला. पुढच्या वर्षी तो विद्यार्थी राहणार नव्हता, त्यामुळे त्याची ही पहिली आणि शेवटचीच संधी होती. महोत्सवाची अट साधी होती. लघुपट दहा मिनिटांहून मोठा नको.

त्याच गावात एक वृद्ध संकलक राहत असत. दुसऱ्यांच्या चित्रपटांतला नको तो भाग कापण्यात त्यांची हयात गेली होती. विद्यार्थी त्यांना गुरू मानी. लघुपट पाठवण्याच्या आदल्या दिवशी तो त्यांना दाखवायला घेऊन गेला.

पडद्यावर प्रथम संस्थेच्या अध्यक्षांचे आभार आले, पाठोपाठ अध्यक्षांच्या चिरंजीवांचे. मग वर्गाची किल्ली दिल्याबद्दल प्राचार्यांचे, आणि आडवे न आल्याबद्दल विभागप्रमुखांचे, अर्थात जरा बऱ्या शब्दांत. वडापाव पुरवणारे हॉटेलमालक तर छायाचित्रासह झळकले. गुरूंचे नाव 'विशेष आभार' या मथळ्याखाली होते. मग एकदाचा लघुपट सुरू झाला. शेजारच्या द्वारकाकाकू एकट्या राहत, त्यांच्या घराची ती गोष्ट होती. दार दिसले, ओसरी दिसली, दोरीवरचे लुगडे दिसले. काकू एकदाच दिसल्या, त्याही पाठमोऱ्या. शेवटी फुलांच्या चौकटीत अक्षरे उमटली, 'कै. द्वारकाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत काकू वारल्या होत्या.

पडदा काळा झाला. वृद्ध उठले आणि शोकसभेत उभे राहतात तसे मान खाली घालून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले. विद्यार्थ्याला गहिवरून आले. तोही उभा राहिला.

खाली बसल्यावर वृद्धांनी विचारले, "काकू तांदूळ निवडत होत्या, ते कुठं गेलं? मला दाखवलं होतंस."

विद्यार्थ्याने समजावून सांगितले. तांदूळ निवडता निवडता काकू कॅमेरा विसरल्या होत्या आणि कधीच्या वारलेल्या नवऱ्याशी हलक्या आवाजात भांडू लागल्या होत्या. पण दोन मिनिटांच्या त्या दृश्यात काही घडत नव्हते. शिवाय आभार नसतील तर प्रवेशिकेवर सही करणार नाही, असे प्राचार्यांनी बजावले होते. जागा कुठूनतरी काढणे भाग होते. काकूंची भरपाई शेवटी फुलांनी केलीच होती.

"काकूंनी तुझ्याकडे काही मागितलं होतं?"

विद्यार्थी म्हणाला, "पडद्यावर मी दिसेन ना रे, एवढंच विचारलं होतं. त्यांच्या ह्यांनी कधी फोटो काढू दिला नव्हता म्हणे."

"मी काकूंसाठी उभा राहिलो नव्हतो, बाळ," वृद्ध म्हणाले. "त्या गेल्या त्याला तुझा इलाज नव्हता. पण दोन मिनिटं त्या तुझ्याजवळ जिवंत होत्या. चांगल्या भांडत होत्या. ती मिनिटं तू कापलीस आणि तिथं फुलं वाहिलीस. मी त्या दोन मिनिटांसाठी उभा राहिलो. आणि आभारांत मीही आहे, म्हणजे काकूंना उठवून तू मलाही त्यांच्या जागेवर बसवलंस."

ते दृश्य परत जोडायला विद्यार्थी धावत महाविद्यालयात गेला. पण कॅमेरा सगळ्यांत मिळून एकच होता, आणि एकाचा लघुपट पुरा झाला की त्याचे चित्रीकरण सगळीकडून पुसून कॅमेरा दुसऱ्याला देण्याची तिथली रीत होती. काकूंच्या जागी आता गॅदरिंगमधला समूहनृत्याचा सराव होता.

परत येऊन त्याने वृद्धांना ते सांगितले. लघुपट पाठवूच नये का, असेही विचारले.

"पाठव. न पाठवल्यानं त्या परत येणार आहेत का? फक्त ती श्रद्धांजली काढ. आपण घालवलेल्या माणसाला आपणच फुलं वाहू नयेत."

लघुपट गेला, आणि त्याला बक्षीसही मिळाले. नायिकेची अनुपस्थिती हाच या कलाकृतीचा आशय आहे, असे परीक्षकांनी सांगितले. पुष्पगुच्छ घ्यायला प्राचार्य लगबगीने व्यासपीठावर गेले. टाळ्या वाजत राहिल्या. शेवटच्या रांगेत विद्यार्थी तेवढा मान खाली घालून उभा होता.

शेजारच्याने हळूच विचारले, "कोणी गेलं का?"

"हो," तो म्हणाला. "आज दिसणार होत्या."