अर्जदाराच्या तोंडून

परदेशी राहायला जाणाऱ्यांच्या कचेरीत घैसाससाहेबांचा शब्द म्हणजे कायदा. सुभद्राआजी सुनेसोबत पाच महिन्यांच्या नातीचा अर्ज घेऊन आल्या. बाळाचा बाप तिकडे नोकरीला. त्याने अजून लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

"फी रोख भरणार की कार्डाने, हे अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने सांगायचं," साहेब म्हणाले.

"अहो, अर्जदार तान्ही आहे."

"नियम सगळ्यांना सारखा."

आजींनी नातीला साहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. "मग विचारत राहा. वर्षभरात बोलेल. आम्हाला घाई नाही."

नातीने भोकाड पसरलं. सगळी कचेरी बघू लागली.

"बरं, रोख भरा," साहेब घाईघाईने म्हणाले.

"रोख म्हणाली का ती?" आजींनी विचारलं.

"अगदी स्पष्ट म्हणाली," म्हणत साहेबांनी पावती फाडली.