दोन काचांमधली ओल

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आमच्या घरी ती आत्यासारखी मोठी माणसंच सांगतात, तीही कुणी दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं असेल तेव्हाच. पण दाराआडून मी ती इतक्यांदा ऐकली आहे की आता एकटीने मनात ठेवणं जड जातं.

फार फार वर्षांपूर्वी, जिथे सहा महिने बर्फ असतो अशा एका डोंगरावर एक राणी राज्य करत होती. म्हातारपणी तिचे पाय गेले, तेव्हापासून ती दिवसभर एका मोठ्या खिडकीशी बसून असे.

गारठा आत येऊ नये म्हणून काचगाराने त्या खिडकीला एकीमागे एक अशा दोन काचा बसवल्या होत्या. मध्ये बोटभर जागा ठेवली होती आणि कडा मेणाने व लाखेने पक्क्या बंद केल्या होत्या.

राणीचा एक नेम होता. रोज सकाळी ती खाली दरीतल्या गावाची धुराडी न्याहाळायची. ज्या घरातून धूर निघाला नाही, तिथे चूल पेटली नाही. म्हणजे कुणी आजारी आहे, नाहीतर घरात पीठ नाही. लगेच त्या घरी पीठ, लाकडं आणि वैद्य रवाना व्हायचे. कितीतरी माणसं त्या खिडकीमुळे जगली होती.

काच पुसायला दोन बहिणी होत्या. थोरली आतून पुसायची. धाकटी कमरेला दोर बांधून, बाहेरच्या फळीवर उभी राहून पुसायची. त्यांची आई खाली गावात एकटी राहत होती. दर आठवड्याला दोघींपैकी एक तिच्याकडे जाऊन यायची.

एका हिवाळ्यात काच धुरकट दिसू लागली.

"ताई, ओल्या फडक्याने पुसलंस का गं?" धाकटीने बाहेरून ओरडून विचारलं.

"माझी बाजू लख्ख आहे. तूच फळीवर उभी राहून गाव बघत बसतेस."

"गाव बघते? इथे बोटं गळून पडायची वेळ आलीय! एकदा येऊन उभी राहा, मग कळेल."

"येईन की. काच तरी स्वच्छ होईल!"

पहिल्या दिवशी दोघी हसल्या. तिसऱ्या दिवशी कुणीच हसलं नाही. पाचव्या दिवशी थोरली म्हणाली, "लहानपणापासून तू कामचुकार आहेस." त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. समोरासमोर उभ्या राहून त्या आपापली काच घासत राहिल्या, पण त्यांना एकमेकींचा चेहरा दिसत नव्हता.

त्या आठवड्यात आईकडे कुणीच गेलं नाही. थोरलीला वाटलं, धाकटी गेली असेल. धाकटीला वाटलं, थोरली गेली असेल. आणि नेमका त्याच आठवड्यात आईला ताप भरला. तिची चूल विझली, ती पुन्हा पेटलीच नाही.

राणीला हे दिसायला हवं होतं. पण काचेवरचं धुकं धुरासारखंच दिसतं. तिला प्रत्येक घरावर धूर दिसत होता. "आज सगळ्या चुली पेटल्या," ती समाधानाने म्हणायची.

आईची चूल विझल्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिने सहज मान वर केली आणि ती चमकली. 'या वेळी गावात कुणाची चूल पेटते?' तिने काचेवरून ओघळणाऱ्या एका थेंबावर बोट ठेवलं. बोट कोरडंच राहिलं. बाहेरून धाकटीला तसंच करायला सांगितलं. तिचंही बोट कोरडं. म्हणजे ओल दोन काचांच्या मध्ये होती.

राणीने काचगाराला बोलावलं. त्याने मान खाली घातली.

"राणीसाहेब, चूक माझी आहे. ही खिडकी मी पावसाळी दिवसात बंद केली. सणाआधी काम पुरं व्हायला हवं होतं. आत ओल राहिली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. वाटलं, आपोआप वाळेल."

"आणि या दोघी इतके दिवस भांडत होत्या, तेव्हा?"

"तेव्हाही मी गप्प राहिलो."

"उघड ती."

"आत्ता? राणीसाहेब, सगळा गारठा आत येईल. तुम्हाला सोसणार नाही."

"सोसेन. उघड."

त्याने लाख खरवडली आणि आतली काच काढली. बर्फाचा वारा कडांमधून आत घुसला. राणीचे ओठ निळे पडले, पण ती जागची हलली नाही. थोरलीने बाहेरच्या काचेची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसली. गाव स्वच्छ दिसलं. दुपार सरून संध्याकाळच्या चुली पेटू लागल्या होत्या. एकेका घरावर धुराची रेघ उठली.

"ते कडेचं घर कुणाचं?" राणीने विचारलं. "तिथे काहीच नाही."

थोरलीच्या हातातलं फडकं खाली पडलं. काचेपलीकडे धाकटीनेही तेच घर पाहिलं होतं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तू गेली नव्हतीस?"

"मला वाटलं, ताई, तू..."

दोघी धावत डोंगर उतरल्या. मागून वैद्य निघाला.

आई जिवंत होती. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर घेऊन ती विझलेल्या चुलीशी पडली होती. ती वाचली, पण थंडीने गेलेली तिच्या उजव्या पायाची बोटं परत आली नाहीत. पुढे तिला काठीशिवाय चालता आलं नाही. दोघी बहिणी पाळीपाळीने तिच्याजवळ राहू लागल्या. काचगाराने कोरड्या उन्हाचा दिवस येईपर्यंत वाट पाहिली, मगच खिडकी पुन्हा बंद केली. तोवर राणी कांबळी पांघरून त्या गारठ्यात रोज सकाळी बसत राहिली.

दोघांच्या मध्ये साचलेली ओल आपापली बाजू पुसून जात नाही. थंडी सोसून मधलं उघडावंच लागतं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी कुणाशी बोलत नसेल, तर वाट न बघता आजच जाऊन त्याला... आत्या हाक मारतेय! आले, आत्या, आले!