तांब्याच्या कासवाची पाठ

एका तालुक्याच्या गावी भिकोबा नावाचा तांबट होता. जन्मभर त्याने हंडे आणि आंघोळीची घंगाळं घडवली. स्टीलची भांडी आली आणि त्याची हातोडी गप्प झाली. अशात नगरपालिकेने त्याला बागेसाठी मोठं शिल्प करायला सांगितलं. भिकोबाने तांब्याचं कासव करायला घेतलं. पाठ पालथ्या घंगाळासारखी, बैलगाडीएवढी रुंद. खाली त्याच्या नावाची पाटी लागणार होती. हंड्यावर नेहमी घेणाऱ्याचं नाव कोरतात. करणाऱ्याचं पहिल्यांदाच लागणार होतं.

पाय झाले, डोकं झालं. पाठीवर हातोडीचे दाट ठोके तेवढे द्यायचे राहिले होते. तेवढ्यात नगराध्यक्ष तांबटांच्या आळीत आले.

"उद्या माझा वाढदिवस. उद्याच उद्घाटन."

"आठ दिवस द्या, साहेब. न ठोकलेलं तांबं मऊ असतं. पोरं चढली की पाठ बसेल, पत्रा फाटेल, पाय कापतील."

"चढू नये अशी सूचना लावू."

"कासव दिसल्यावर पोरं सूचना वाचतात होय?"

अध्यक्ष भडकले. "फार बोलतोस! पाटीवरून नाव काढून टाकीन तुझं."

सोबतच्या चार सदस्यांनी माना डोलावल्या. त्या माना कशालाही डोलत.

भिकोबाने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "काढा. पण कासव असं जाणार नाही. झालंय म्हणता, तर आधी तुम्हीच बसून दाखवा."

सगळी आळी बघत होती. माघार घेणं अध्यक्षांना जमेना. ते चढले, बसले आणि डबकन खाली गेले. घंगाळात आंघोळीला बसल्यासारखे दिसू लागले.

"पाणी गरम आहे ना, साहेब?" भिकोबाच्या बायकोने, गोदाक्काने विचारलं.

चौघा सदस्यांनी त्यांना ओढून काढलं. फाटक्या पत्र्याने सदरा उभा चिरला होता. कातडं तेवढं वाचलं होतं. अध्यक्ष बराच वेळ सदऱ्याकडे बघत राहिले.

"आठ दिवस घे," ते हळूच म्हणाले.

आळीत आठ दिवस ठणठण चालली. भिकोबाने फाटका पत्रा बदलला, सगळी पाठ ठोकून काढली. उद्घाटनाला आलेल्या म्हाताऱ्यांनी हंडा विकत घेताना वाजवतात तशी बोटांनी ती वाजवून पाहिली. खणखणीत वाजली. मग एकदम चौदा पोरं चढली. पाठ जराही हलली नाही. भिकोबाने हातोडी पिशवीत टाकली.

पाटीवर त्याचं नाव होतं. ते वाचायला एकही पोरगं खाली उतरलं नाही.

तात्पर्य: काम पुरं झालं का, हे करणाऱ्याला विचारावं, आणि ज्याला घाई आहे, त्याला आधी त्यावर बसवावं.