आंबेखोलच्या देवळातला उलटा खांब

त्या साली अच्युत महाराजांचा मुक्काम आंबेखोलास, रवळनाथाच्या देवळात होता. देऊळ कसलं, लाकडाचं नवलच! सात पिढ्यांपूर्वी गावच्या मेस्त्र्यांनी फणसाच्या सोळा खांबांवर सभामंडप उभारला, पण लोखंडाचा एक खिळा म्हणून वापरला नाही. त्या घराण्यातला शेवटचा माणूस बाबल मेस्त्री. शेवटचा अशासाठी, की हाताशी आलेले त्याचे दोन्ही मुलगे, सोनू आणि लवू, पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले होते.

एक खांब वाळवीने खाल्ला. दाजीबा खोतांनी बाबलला न विचारता शहरातून कारागीर आणले. नवा खांब उभा राहिल्यावर बाबलने त्याच्या गाठींवरून हात फिरवला आणि तो खोतांकडे वळला.

"खोतानू, खांब उलटो उभो केल्यानी. बुंधो वर गेलो. झाड जसा वाढला तसाच उभा रवाक व्हया."

खोत चारचौघांत हसले. "पोरं गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. लाकडाला कसलं आलंय डोकं नि पाय?"

बाबल खाल मानेने घरी गेला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, मंडप माणसांनी भरलेला असताना तो खांब बुडाशी कडाडला. वरची तुळई सुटली. नेमकी तिच्याखाली खोतांची गरोदर लेक बसली होती. बाबलने धावत जाऊन तुळईखाली खांदा घातला. सत्तरीचा म्हातारा तो! गुडघे वाकले, तोंडातून रक्त आलं.

गाभाऱ्याच्या उंबरठ्यावरून महाराज म्हणाले, "बाबल, पोरांना हाक मार."

"सोनू... लवू..."

आणि काय सांगावं, तुळई हलकी झाली! दोन्ही अंगांना त्याला ओळखीचे खांदे लागले, नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. बाकी कुणाला काहीच दिसलं नाही. माणसं एकेक करत बाहेर पडली, खोतांची लेकही सुखरूप बाहेर आली.

"आता सोड," महाराज म्हणाले.

बाबल हलेना. "महाराज, सोडलंय तर पोरगे जातले."

दारातल्या खोतांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"जातील, बाळा." महाराज उंबरठा उतरून त्याच्याजवळ आले. "एवढ्यापुरतेच देवाकडून मागून आणले होते." त्यांनी हात धरून बाबलला बाहेर आणलं. मागे मंडप कोसळला. सात पिढ्यांपूर्वीचं काम मातीला मिळालं.

खोत महाराजांच्या पायाशी वाकू लागले. महाराज मागे सरले. "माझे नको, त्याचे पाय धर."

बाबल अंगणात बसून आपले खांदे चाचपत होता. भरल्या गावासमोर खोतांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा, खोतानू," बाबल म्हणाला. "लेक बरी आसा मां?"

खोतांचं डोकं काही वर उठेना.